कोल्हापुरात राहायला येताय? आधी पाणी बघा, मग घर

२०२२ च्या जून महिन्यात आम्ही पुण्याहून कोल्हापूरला आलो. मी मूळचा अकोल्याचा, बायको नगरची, त्यामुळे इथे ना सासर ना माहेर. कंपनीने घरून काम करायला कायमची परवानगी दिली आणि वाकडच्या भाड्याला कंटाळून आम्ही नकाशावर बोट ठेवलं. ते बोट नाशिकवर पडलं असतं तर हा लेख नाशिकवर झाला असता. तेव्हापासून ओळखीपाळखीचे निदान दहा जण फोन करून एकच प्रश्न विचारत आलेत, "खरंच स्वस्त आहे का रे?" प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. ज्या चुका मी केल्या त्या तुम्ही करू नका, एवढाच हेतू.

१. हिशेब मांडा, पण खरा

कोल्हापुरात नक्की स्वस्त होतं ते घरभाडं. वाकडला दोन बेडरूमच्या फ्लॅटला मी २६ हजार देत होतो, इथे राजारामपुरीच्या मागच्या अंगाला १२ हजारांत तेवढीच जागा मिळाली, वर गच्ची. दुसरी बचत पेट्रोलची. शहर एवढं आटोपशीर आहे की एका टोकापासून दुसऱ्या टोकाला स्कूटरवर वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं. रोजचे अडीच तास वाचले, त्याची किंमत वहीत लिहिता येत नाही म्हणून लिहिली नाही.

आता जे स्वस्त होत नाही ते. मोबाइल, इंटरनेट, विमा, औषधं, गाडीचा हप्ता जिथल्या तिथे राहतात. शाळेची फी थोडी उतरते, पण तुम्हाला वाटतं तेवढी नाही. किराण्यात फारसा फरक पडत नाही. भाजी ताजी आणि थोडी स्वस्त. मटणाचा खर्च मात्र आमचा दुपटीने वाढला, याला कोल्हापूर जबाबदार की आम्ही, यावर घरात मतभेद आहेत. आणि एक छुपा खर्च कुणीच मांडत नाही, तो पुण्या-मुंबईच्या फेऱ्यांचा. लग्नं, बारशी, ऑफिसच्या बैठका, जुन्या डॉक्टरांची तारीख. पुण्यापर्यंत साधारण २३० किलोमीटर आणि वाटेत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके. महिन्याला दोन फेऱ्या झाल्या की भाड्यात वाचलेल्या पैशाला चांगलंच भगदाड पडतं.

यातून निघणारी गोष्ट स्पष्ट सांगतो. पगार पुण्याचा आणि राहणं कोल्हापूरचं असेल तर चैन आहे. पगारही कोल्हापूरचाच असेल तर ही स्वस्ताई बरीचशी विरून जाते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्री आणि इंजिनिअरिंगची भरपूर कामं आहेत, त्या क्षेत्रातल्या माणसाने जरूर चौकशी करावी. आयटीवाल्यांनी मात्र नोकरी हातात असल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नये. "तिथे गेल्यावर बघू" म्हणून आलेले दोघे वर्षाच्या आत परत गेलेले मी पाहिलेत.

२. पावसाळ्यात एक फेरी मारा

ही पायरी कुणी करत नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. लोक डिसेंबरात येतात, रंकाळ्याच्या काठावर भेळ खातात, न्यू पॅलेसच्या बाजूची झाडी बघतात आणि तिथेच कुठेतरी घर ठरवून मोकळे होतात. कोल्हापूर बघायचं तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात.

शहराला पंचगंगेचा विळखा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चारही नद्या पश्चिमेकडच्या धुवांधार पावसाच्या मुलखातून येतात. तिकडे पाऊस कोसळला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. जुलै उजाडला की इथली माणसं एकमेकांना नमस्कार करण्याऐवजी "आज किती फूट?" असं विचारतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. पहिल्या वर्षी मला ही थट्टा वाटली. २०२४ च्या जुलैत पाणी धोका पातळीच्या वर गेलं, तेव्हा मीही सकाळी उठून आधी फूट बघायला लागलो होतो.

सुतारवाडा, बापट कॅम्प, रमणमळा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरचा परिसर, जयंती नाल्याच्या कडेच्या वस्त्या ही पुराची माहीत असलेली ठिकाणं. राजारामपुरी, जवाहरनगर, संभाजीनगर, विद्यापीठाच्या बाजूचा भाग, आर. के. नगर हे उंचावर आहेत. पण भागाच्या नावावर विसंबू नका. एकाच भागातली वरची गल्ली कोरडी आणि खालची पाण्यात, असंही होतं. म्हणून घर बघायला गेलात की ही तपासणी करा.

- भिंतीला कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंतच नवा रंग दिलाय का? मला नदीच्या बाजूला ९ हजारांत तळमजल्याचा सुंदर फ्लॅट मिळत होता. रंग ताजा होता, पण खालच्या निम्म्या भिंतीलाच. मालकाला कारण विचारलं तर म्हणाले, "जरा ओल येतीय, बाकी काय न्हाई." ती ओल पाच फूट उंच होती.
- विजेचे मीटर पुरुषभर उंचीवर का बसवलेत? सहसा कुणी हौसेने तसं करत नाही.
- समोरच्या दुकानदाराला विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" मालक आणि एजंट गोल बोलतील, दुकानदार हाताने उंची दाखवेल. अनेकांनी भिंतीवर खूणच करून ठेवलेली असते.
- घर कोरडं असलं तरी घराकडे येणारा रस्ता कोरडा राहतो का?

शेवटचा मुद्दा नीट घ्या. महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जातो आणि शहर तुटतं. २०१९ मध्ये दूध, पेट्रोल, भाजी सगळ्याची टंचाई झाली होती. पाणी उपसणारी केंद्रंच बुडाल्यामुळे चारी बाजूंनी पाणी असताना नळाला थेंब नव्हता, हे शेजारच्या काकू आजही सांगतात. म्हणून जून संपायच्या आत भरलेला जादा सिलिंडर, महिन्याभराची औषधं, थोडी रोकड आणि पिण्याच्या पाण्याची सोय करून ठेवणं हा इथला रिवाज आहे. आम्हीही तेच करतो.

३. दुसरं पाणी, म्हणजे नळाचं

काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने शहराला पाणी मिळावं यासाठी कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोचलं. पाणी चांगलं आहे. पण कधी गळती, कधी वीजपुरवठ्यातला बिघाड, अशा कारणांनी "उद्या पाणी येणार नाही" अशा बातम्या अधूनमधून येतात. जमिनीखालची टाकी आणि वरची टाकी, दोन्ही असलेलं घर घ्या.

इथे बाहेरच्या माणसाला हमखास फसवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे हद्द. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ मध्ये झाली आणि हद्दवाढीचा वाद तेव्हापासून चालूच आहे. त्यामुळे तुम्हाला शहरच वाटणारा बराच भाग कागदावर गाव आहे. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी ही त्यातली काही नावं. आर. के. नगरमध्ये फिरताना तुम्ही ग्रामपंचायतीत आहात हे सांगूनही पटत नाही. तिथे भाडं कमी, हवा मोकळी, नवी घरं मोठी. पण पाणी काही ठिकाणी एक दिवसाआड, कचरागाडी आली तर आली, आणि रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार ग्रामपंचायतीत.

वाईट आहे असं नाही. माझा एक सहकारी पाचगावात मजेत राहतो. फक्त ठरवण्याआधी चार प्रश्न विचारा. पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं? बोअर आहे का आणि उन्हाळ्यात चालते का? टँकर मागवावा लागतो का, आणि लागला तर त्याचे पैसे कोण देतं? शेवटचं उत्तर करारात लिहून घ्या.

४. घर शोधणं

संकेतस्थळांवरच्या जाहिराती निम्म्या शिळ्या असतात. इथे घर मिळतं ते फिरून. दोन दिवस काढा, स्कूटर भाड्याने घ्या, आवडलेल्या भागात सकाळ-संध्याकाळ चक्कर मारा. फाटकावर "भाड्याने देणे आहे" अशी पाटी असते, त्यावरच फोन नंबर. किराणा दुकानदार आणि इस्त्रीवाला हे सगळ्यात खात्रीचे एजंट, आणि तेही फुकट. खऱ्या एजंटाकडून गेलात तर तो साधारण एक महिन्याचं भाडं मागतो. बोलणी आधीच करून घ्या.

मालक सहसा वर किंवा शेजारीच राहतो. तो तुमची मुलाखत घेणार, याची तयारी ठेवा. गाव कुठलं, आडनाव काय, कामाला कुठे, घरात माणसं किती. आडनावावरून पुढचा प्रश्न काय असतो ते महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. मला दोन ठिकाणी त्यावरूनच नकार मिळाला. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात "मांसाहार चालणार नाही" अशी अटही एकाने घातली. वाद घालत बसू नका, पुढची पाटी बघा. एकदा का तुम्ही पसंत पडलात की तोच मालक आजारपणात रात्री दोन वाजता गाडी काढतो, हेही खरं.

"घरून काम" हे प्रकरण इथल्या जुन्या पिढीला जरा संशयास्पद वाटतं. दिवसभर घरात बसणारा माणूस म्हणजे बेकार. मी कंपनीचं पत्र आणि तीन महिन्यांच्या पगारपावत्या दाखवल्या, तेव्हा मालकांचा चेहरा खुलला.

पेठांबद्दल एक शब्द. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ म्हणजे जातिवंत कोल्हापूर. तालमी, फुटबॉल, मंडळं, माणसांचा राबता. शाहू स्टेडियमवर सामना जिंकला की रात्री गल्लीत काय होतं ते अनुभवायला हवं. पण तुमचं काम जर रात्रीच्या व्हिडिओ कॉलचं असेल, तर गणपतीचे दहा दिवस आणि फुटबॉलचा हंगाम आठवून निर्णय घ्या. अंबाबाई मंदिराच्या जवळ घर मिळालं तर शनिवार-रविवार आणि संपूर्ण नवरात्र गाडी बाहेर काढायची नाही, असं समजून चाला.

५. करार

"आपल्यात कशाला कागद?" असं मालक प्रेमाने म्हणतात. तुम्ही तितक्याच प्रेमाने कागद करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदवला नाही तर वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर ते खोटं ठरत नाही. हे कलम नम्रपणे सांगितलं की मालकच नोंदणीला तयार होतात.

सहसा ११ महिन्यांचा करार होतो. मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. १२ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांचं शुल्क साधारण साडेतीनशे रुपये होतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १ हजार, ग्रामीण भागात ५००. सगळं ऑनलाइन होतं. आधारवर अंगठा, वेबकॅमवर फोटो, दोन साक्षीदार. नोंदणी करून देणारा माणूस घरी यंत्र घेऊन येतो आणि त्याची मजुरी वेगळी घेतो. सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे सुटं सुटं विचारा. मला पहिल्या वर्षी "सगळं मिळून" म्हणून जो आकडा सांगितला, त्यात अर्ध्याहून जास्त मजुरी निघाली.

करारात या गोष्टी असू द्या: घरफाळा आणि पाणीपट्टी कुणी भरायची, नूतनीकरणाला भाडं किती वाढणार, घर सोडताना किती दिवस आधी सांगायचं, रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का. घरफाळा म्हणजे पुण्यात आपण ज्याला मिळकतकर म्हणतो तो. इथे मिळकतकर म्हटलं की लोकांना आयकर वाटतो.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणंही मालकाचंच काम. पण तुम्ही स्वतः मागे लागून करून घ्या आणि पोचीची प्रत ठेवा. पुढे पासपोर्टच्या वेळी ती उपयोगी पडते.

६. जुन्या गावातून निघण्याआधी

ही कामं मागे राहिली की एकेका कामासाठी चार टोलनाके ओलांडून जावं लागतं. मी गॅससाठी गेलो होतो.

- गॅस: सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, अनामत परत घ्या आणि ट्रान्सफर व्हाउचर हातात घ्या. त्यासाठी जोडणी घेताना मिळालेला मूळ कागद लागतो. तो सापडत नसेल तर महिनाभर आधी शोधायला लागा. इथे नवीन एजन्सीत ते व्हाउचर दाखवून अनामत भरायची.
- शाळा: सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, मुलाचं आधार. शाळेच्या ऑनलाइन नोंदीतून मुलाचं नाव सोडून द्यायला सांगा आणि ते खरंच सोडलंय याची आठवड्याने खात्री करा. दाखला हातात आणि नाव जुन्याच शाळेत, या अवस्थेत आमचे दीड महिने गेले.
- डॉक्टर: सगळे जुने अहवाल एका फायलीत. मुलांचं लसीकरणाचं कार्ड.
- जुन्या घराचं शेवटचं वीजबिल भरल्याची पावती आणि डिपॉझिट परत मिळाल्याची नोंद.
- गाडीवर कर्ज असेल तर पत्ता बदलायला बँकेचं ना हरकत पत्र.

इकडे येताना सोबत असू द्या: सगळ्यांचं आधार आणि पॅन, पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, कंपनीचं पत्र, पगारपावत्या, शिधापत्रिका. सामान ट्रकमध्ये आणि कागद तुमच्या पिशवीत. यावर अधिक सांगत नाही.

ट्रक ठरवताना "पुणे-कोल्हापूर-परत" असा भाव सांगतात. गूळ किंवा भाजी घेऊन पुण्याला गेलेला आणि रिकामा परतणारा ट्रक मिळाला तर बरंच कमी पडतं. मार्केट यार्डात चौकशी करा. पावसाळ्यात सामान हलवू नका. आम्ही जूनमध्ये हलवलं आणि दोन गाद्या फेकल्या.

७. पहिला महिना

नोंदणीकृत भाडेकरार हाती आला की आधी आधारचा पत्ता बदला. बाकी सगळं त्याच्यावर चालतं. मग बँक, मग गॅस. मतदारयादीत नवीन नाव घालायला जाऊ नका, पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ भरा. नाहीतर दोन ठिकाणी नाव राहतं आणि तो गुन्हा आहे.

गाडीचा नंबर बदलायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर तोच राहतो, फक्त नोंदणीपत्रावरचा पत्ता तीस दिवसांत बदलायचा असतो. परिवहन संकेतस्थळावरून अर्ज करा, विमा आणि पीयूसी चालू असू द्या. एमएच १२ ची पाटी घेऊन फिरताना इथले लोक थोडे टोमणे मारतात. एमएच ०९ चा अभिमान हा इथे वेगळाच विषय आहे.

दुकानांची सुट्टी बघून ठेवा. इथे बऱ्याच दुकानांना आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांना सोमवारी सुट्टी असते. रविवारी सगळं चालू आणि सोमवारी सुतार मिळत नाही, हे कळायला मला तीन सोमवार लागले.

८. फिरायचं कसं

दुचाकी हवीच. केएमटीच्या बस आहेत, मुख्य रस्त्यांवर बऱ्या, पण फेऱ्या कमी आणि रात्री लवकर संपतात. रिक्षात बसण्याआधी भाडं विचारा. आसपासच्या गावांना जायला वडाप आहे. वडाप म्हणजे भरेपर्यंत न सुटणारी जीप. वेळ असेल तर तीत बसा, जिल्ह्याचं राजकारण फुकटात कळतं.

मुंबईला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, पुण्याला दिवसा कोयना. सणाच्या आठवड्यात तिकीट मिळेल या आशेवर राहू नका. रस्त्याने पुणे एरवी चार-साडेचार तास. पण सातारा-कागल रुंदीकरणामुळे ठिकठिकाणी वळणरस्ते आहेत, तासभर जादा धरूनच निघा. विमानतळ उजळाईवाडीला, घरापासून पंधरा मिनिटांवर. ज्यांनी पुण्यात लोहगावला पहाटे पोचण्यासाठी रात्र काढली आहे, त्यांना याचं मोल कळेल.

९. शाळा आणि दवाखाना

शाळा भरपूर आहेत. चांगल्या शाळांचे प्रवेश डिसेंबर-जानेवारीतच सुरू होतात. मराठी माध्यमाच्या जुन्या शाळा इथे अजून जोमात आहेत, हे आम्हाला सुखद वाटलं. आमची मुलगी मराठी शाळेत जाते. तिसऱ्याच महिन्यात घरी येऊन "आई, मी आलो" म्हणाली. इथल्या बायका-मुली "मी आलो, मी जातो" असंच बोलतात. आजी अकोल्याहून फोनवर रागावली, आम्ही मात्र काही सुधारायला गेलो नाही.

सरकारी दवाखाना म्हणजे सीपीआर, शहराच्या मध्यभागी. गर्दी असते, पण अपघात आणि साप चावण्यासारख्या प्रसंगात सगळा जिल्हा तिथेच धावतो. खासगी रुग्णालयं पुष्कळ आहेत. नेहमीच्या आजारांना पुण्याची आठवण येत नाही. दुर्मीळ आजारावर उपचार चालू असतील तर मात्र हलण्याआधी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, की कोल्हापुरात हे कोण बघेल. नाव मिळालं तर या.

१०. रोजचं जगणं

आरोग्य विम्याचा हप्ता इथे कमी होत नाही म्हणालो, पण चालणं वाढतं. सकाळी विद्यापीठाच्या आवारात किंवा रंकाळ्यावर निम्मं गाव चालताना दिसेल. चालून झाल्यावर हेच लोक मिसळ खातात, त्यामुळे हिशेब शून्य.

भाजीला कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरी. संध्याकाळी उशिरा गेलात तर शेतकरी उरलेला माल कमी भावात देऊन गावी जायच्या घाईत असतात. दूध म्हशीचं, दाट. पुण्याच्या सवयीने एक लिटर आणलं आणि निम्मं साईत गेलं. रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर धार काढून ग्लासात देतात, एकदा तरी जा.

एप्रिल-मे महिन्यात वर्षाची चटणी करायची असते. लाल तिखटाला इथे चटणीच म्हणतात. मिरच्या लक्ष्मीपुरीतून आणायच्या, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, मसाला भाजायचा आणि डंकावर कुटून आणायची. शेजारच्या काकूंनी पहिल्या वर्षी बायकोला हाताला धरून नेलं, रांगेत बसवलं, आणि परत येईपर्यंत त्या दोघी मैत्रिणी झालेल्या. पिशवीतलं तिखट विकत आणणाऱ्या बिऱ्हाडाकडे इथे जरा दयेने बघतात.

मोठ्या शहराची सवय असलेल्यांना काय खटकतं, तेही सांगतो. नाटक-सिनेमाचे पर्याय कमी. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं, तो घाव शहराच्या मनात अजून ओला आहे. अनोळखीपणाची मुभा नाही. तुम्ही काल कुणाच्या गाडीवर बसला होतात, ते आज किराणावाला सांगतो. आणि वेळेचं गणित सैल आहे. "आलोच" म्हणजे आज, "सकाळी येतो" म्हणजे कदाचित उद्या. प्लंबरला शिव्या घालून उपयोग होत नाही, चहा पाजून होतो.

११. विकत घ्यायचं म्हणाल तर

लगेच नको. निदान दोन पावसाळे भाड्याने काढा. दोन पावसाळ्यांत कुठला चौक तुंबतो, कुठे रस्ता बंद होतो, कुठे पाण्याचा दाब नाही हे तुम्हाला एजंटापेक्षा जास्त कळलेलं असेल.

प्लॉट बघताना "एन. ए. होतंय, कागद प्रोसेसमध्ये आहेत" हे वाक्य ऐकलं की चहा संपवा आणि उठा. एन. ए. म्हणजे बिगरशेती. शहराभोवतीच्या गावांत गुंठ्यांनी विकलेल्या शेतजमिनी खूप आहेत, स्वस्त आहेत, आणि बांधकाम परवानगी व कर्जाच्या वेळी त्यांचा खरा भाव कळतो. शहरात प्रॉपर्टी कार्ड, गावात सातबारा आणि बिगरशेती आदेश, आधीच्या तीस वर्षांचा शोध अहवाल हे वकिलाकडून तपासल्याशिवाय संचकार देऊ नका. संचकार म्हणजे विसार. शब्द नवा वाटला म्हणून रक्कम लहान नसते.

पाटबंधारे विभागाने आखलेली निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी. "हे शंभर वर्षांतून एकदाचं आहे हो," असं एका बिल्डरच्या माणसाने मला समजावलं. मी त्याला एकोणीस आणि एकवीस साल आठवायला सांगितलं. तो हसला आणि दुसऱ्या टेकडीवरच्या प्लॉटचा नकाशा काढला. तो आम्ही अजून बघतोय.